सेंट ऑगस्टीनला बोट लावताय? आधी भरतीची वेळ बघा, मग गाव

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळची डोंबिवलीची, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. मी आणि नवरा दोघांनी नोकरीतून मोठा ब्रेक घेतलाय आणि आमची ३४ फुटी सेलबोट घेऊन व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गाने, खाली निघालोय, थंडीत पुढे बहामाजला जायचा विचार आहे. नोव्हेंबरच्या शेवटाला फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला पोचू असं वाटतंय. नवऱ्याचं म्हणणं दोन रात्री पुरे, डिझेल-पाणी भरायचं, ऑइल बदलायचं आणि हवा बरी दिसली की निघायचं. मला मात्र ते गाव नीट बघायचंय, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं गाव म्हणतात ना. खरंच तिथे एवढं काय आहे? बाहेरच्या समुद्रातून इनलेटमधून, म्हणजे खाडीच्या तोंडातून, आत यावं की वॉटरवेनेच? मरिनाच्या धक्क्याला लावावी की मूरिंगला, म्हणजे पाण्यात तळाशी पक्क्या केलेल्या बॉलला? आम्ही दोघं शाकाहारी आहोत, त्याचं कसं? आणि खरं सांगायचं तर एवढ्याशा जागेत इतके दिवस दोघंच राहून आमची आता चिडचिड व्हायला लागलीये, त्यावर काही सांगता आलं तर तेही सांगा.

उत्तर : अगं, दोन रात्री नको. पाच-सहा तरी धरा. ऑइल पहिल्या दिवशी सकाळीच बदलून होईल, आणि नोव्हेंबर संपताना उत्तरेचे वारे सुरू झालेले असतात, त्या वाऱ्यात गल्फ स्ट्रीम, म्हणजे बहामाजच्या वाटेतला उत्तरेकडे धावणारा मोठा सागरी प्रवाह, ओलांडायचा नसतो, म्हणजे पुढे दक्षिणेला जाऊनही तुम्हाला कुठेतरी हवेची वाट बघत बसायचंच आहे. मग ते बसणं इथे का नको?

इनलेटचं आधी बोलते, कारण माझ्या मते ते गाव समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच होते. तिथली वाळू सारखी सरकत असते, त्यामुळे इनलेटमधले बॉय, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, चार्टवर (सागरी नकाशावर) छापतच नाहीत, वाळू हलली की बॉयही उचलून दुसरीकडे टाकतात. म्हणजे चार्टप्लॉटरच्या भरवशावर शिरायची ती जागा नाही. पूर्वेकडून लाट येतेय आणि त्याच वेळी आतून ओहोटीचं पाणी बाहेर पडतंय असं झालं की तोंडाशीच लाटा फुटतात, आणि ३४ फुटी बोटीला तिथे काही करायला जागा उरत नाही. यायचंच असेल तर दिवसाउजेडी, भरती संपत आलेली असताना, समुद्र शांत असताना, आणि मरिनाला किंवा तिथल्या टो-बोटवाल्यांना फोन करून आज पाणी कुठे आहे ते विचारूनच. पहिलीच वेळ आहे तर वॉटरवेनेच या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त वॉटरवेनेही इनलेटच्या समोरून जावं लागतं, तिथे पाणी आडवं ढकलतं आणि बोट नकळत बाजूला सरकते, म्हणून एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने मागे वळून बघत राहायचं की दोन मार्करच्या, म्हणजे वाटेच्या खुणांच्या, रेषेत आपण आहोत का.

आता हीच वाळू गावाच्या इतिहासात बघ. १५६५ च्या २८ ऑगस्टला, सेंट ऑगस्टीनच्या सणाच्या दिवशी, पेद्रो मेनेन्देस दे आविलेस या स्पॅनिश दर्यावर्दीला हा किनारा दिसला आणि ८ सप्टेंबरला तो इथे उतरला. तिमुकुआ या तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव तिथे आधीपासून होतं, त्यांच्या जागेवरच स्पॅनिशांनी पहिली छावणी केली, हे विसरून चालणार नाही. मेनेन्देसचं सगळ्यात मोठं जहाज सान पेलायो या वाळूच्या पट्ट्यावरून आत येऊच शकलं नाही, खोली पुरेना. उत्तरेला आजच्या जॅक्सनविलच्या बाजूला फ्रेंचांचा फोर्ट कॅरोलाइन होता, तिथून जाँ रिबो आपली जहाजं घेऊन हल्ला करायला आला, पण ऐन वेळी ओहोटी, तोही वाळूच्या बाहेर थांबला, आणि तेवढ्यात वादळ उठलं ते त्याची जहाजं दक्षिणेला भिरकावून गेलं. इकडे मेनेन्देस भर पावसात दलदलीतून चालत जाऊन फ्रेंचांचा किल्ला घेऊन आला, आणि किनाऱ्यावर जिवंत उरलेल्या फ्रेंचांना त्याने दक्षिणेकडच्या इनलेटपाशी गाठून मारलं. वाचताना अंगावर काटा येतो, पण एक गाव राहिलं आणि दुसरं संपलं यात त्या दिवशीच्या पाण्याच्या खोलीचा किती हात होता ते डेकवर टाईड टेबल घेऊन बसल्याशिवाय नीट पटत नाही. म्हणून मी म्हणते की गाडीने येणाऱ्यापेक्षा तुमच्यासारख्या बोटवाल्यांना हे गाव जास्त कळतं.

पुढेही तेच. १७०२ मध्ये कॅरोलिनाचा इंग्रज गव्हर्नर जेम्स मूर वेढा घालून बसला, गावातली दीड हजाराच्या आसपास माणसं, बायका-पोरांसकट, गावातल्या दगडी किल्ल्यात जाऊन राहिली जवळजवळ पन्नास दिवस. मग हवानाहून स्पॅनिश जहाजं आली आणि त्यांनी इनलेट अडवलं, आता मूरचीच जहाजं आत कोंडली गेली, शेवटी त्याने आपली जहाजं जाळली, गाव जाळलं आणि जमिनीवरून परत गेला. १७६४ मध्ये इंडस्ट्री नावाचं ब्रिटिश जहाज तोफा आणि हत्यारं-अवजारं घेऊन येताना इथेच बुडालं. १७८२ च्या ३१ डिसेंबरला तर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात चार्ल्सटन सोडून पळणाऱ्या, इंग्रजांच्या बाजूच्या लोकांना घेऊन ताफा आला आणि त्यातली १६ च्या आसपास जहाजं या पट्ट्यावर लागून फुटली. त्यातलं एक बुडालेलं जहाज २००९ मध्ये सापडलं, त्यातून वर काढलेल्या वस्तू लाईटहाऊसच्या म्युझियममध्ये आहेत, आणि तुझ्या नवऱ्याला गावात दुसरं काही बघायचं नसलं तरी हे एवढं दाखव. पाणबुडे शास्त्रज्ञ त्या वस्तूंवर चढलेला दगडासारखा थर कसा काढतात ते बघून इंजिनवाल्या माणसाचा दिवस मजेत जातो. लाईटहाऊस १८७४ चं, १६५ फूट उंच, काळे-पांढरे पट्टे गोल फिरत वर गेलेले आणि डोक्यावर लाल, आत २१९ पायऱ्या. वर जाऊन आधी इनलेटकडे बघा, हवा चांगली असेल तर वाळू कुठे आहे ते पाण्याच्या रंगावरून कळतं. आत्ताचं इनलेट १९४० च्या सुमारास खणून काढलेलं आहे, जुनं त्याच्या दक्षिणेला होतं, सॉल्ट रन नावाची खाडी म्हणजे त्याचाच उरलेला भाग.

बरं, बोट कुठे लावायची. गावाच्या अगदी समोर ब्रिज ऑफ लायन्स आहे, १९२७ चा उघडणारा पूल, मध्ये काही वर्षं नव्याने बांधून काढलाय. दिवसा तो तासाला आणि अर्ध्या तासाला उघडतो, पण कामाच्या दिवशी गर्दीच्या काही वेळा वगळलेल्या आहेत, म्हणून आधी व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल ९ वर पूलवाल्याला विचारून घ्या. वाट बघताना प्रवाह मागून असेल तर पुलाच्या फार जवळ जाऊ नका, पाणी तिथे चांगलंच पळतं. पुलाच्या लगेच दक्षिणेला गावाची म्युनिसिपल मरिना आणि पुलाच्या दोन्ही अंगांना मूरिंग फील्ड. मी मूरिंगच सांगेन. पैसे कमी लागतात, डिंघी (बोटीबरोबरची छोटी होडी) मरिनाच्या धक्क्याला लावून आंघोळ, लाँड्री सगळं होतं, आणि रात्री किल्ला आणि पूल दोन्ही समोर. मरिनात जायचंच असेल तर भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्यात शिरा, नाहीतर प्रवाह बोटीला शेजारच्या बोटीवर नेऊन टेकवतो. मूरिंगवर मात्र एक गोष्ट असते, तिथे वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून आला की खाली कील, म्हणजे खोल कणा, असलेली बोट प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते आणि मूरिंगचा बॉल रात्रभर बोटीवर ठकठक करतो. दोरी आखूड करून बॉल वर ओढून घ्या, थोडा फरक पडतो. आणि जागा आत्ताच बोलून ठेवा, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत तिथे नाईट्स ऑफ लाईट्स असतं, अख्खं जुनं गाव पांढऱ्या दिव्यांनी उजळलेलं, शनिवार-रविवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते पण मधल्या वारी संध्याकाळी फार सुंदर वाटतं, आणि पाण्यातून तर अजूनच.

गावातलं काय बघायचं म्हणशील तर किल्ल्याचं मी खाली दुसऱ्या प्रश्नात लिहिलंय. त्याशिवाय दोन गोष्टी मला मनापासून सांगायच्यात कारण टूरिस्ट ट्रेनमधून फिरणारे लोक त्या सोडून जातात. पहिली, फोर्ट मोसे. गावाच्या उत्तरेला, १७३८ मध्ये स्पॅनिशांनी वसवलेली, कॅरोलिनातल्या इंग्रज मळ्यांवरून पळून आलेल्या गुलामांची स्वतंत्र वस्ती, आजच्या अमेरिकेच्या हद्दीतली कायद्याने मान्य झालेली पहिली मुक्त कृष्णवर्णीय वसाहत. अट अशी की कॅथलिक व्हायचं आणि गावाच्या रक्षणासाठी लढायचं, आणि ते लढलेही, १७४० मध्ये इंग्रज जनरल ऑगलथॉर्पच्या सैन्याकडून मोसे परत घेतलं त्यात त्यांची मिलिशिया, म्हणजे वस्तीतल्या लोकांची फौज, होती. तिच्या कॅप्टनचं नाव फ्रान्सिस्को मेनेन्देस. आज तिथे खाजण आणि पाणी आहे, जुन्या भिंती उभ्या नाहीत, पण बोर्डवॉकवर उभं राहून बघताना लक्षात येतं की ही माणसं कुठून कुठपर्यंत चालत आली असतील.

दुसरी, १९६४ ची कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ. गावाच्या मधल्या प्लाझात ९ जूनला चळवळीतले कार्यकर्ते अँड्र्यू यंग यांना शांततेने मोर्चा नेताना मारहाण झाली. ११ जूनला मार्टिन ल्यूथर किंग यांना मॉन्सन मोटर लॉज या हॉटेलात जेवायला जागा मागितली म्हणून पायऱ्यांवरच अटक झाली. १८ जूनला काळे आणि गोरे कार्यकर्ते त्याच हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये एकत्र उतरले तेव्हा मॅनेजरने पाण्यात अ‍ॅसिड ओतलं, ते फोटो जगभर छापून आले, आणि २ जुलैला नागरी हक्क कायद्यावर सही झाली. ते हॉटेल आता पाडलंय पण त्या पायऱ्या जपून ठेवल्यात, तुमच्या मरिनापासून चालत काही मिनिटांवर. युरोपियनांनी वसवलेलं सगळ्यात जुनं गाव म्हणून ज्याचा मान, त्या गावात जेवणाच्या टेबलासाठी साठ वर्षांपूर्वी हे करावं लागलं, म्हणून मला वाटतं की प्लाझातल्या बाकावर नुसतं आइस्क्रीम खाऊन उठू नये.

उद्योगपती हेन्री फ्लॅगलरचं पोन्से दे लिऑन हॉटेल पण आहे, १८८८ मध्ये उघडलेलं, आता फ्लॅगलर कॉलेज, जेवणघरात टिफनी या नामवंत कलाकाराच्या रंगीत काचा आहेत, गाईडबरोबर आत जाता येतं. समोरचं अल्काझार हॉटेल आता लाईटनर म्युझियम आहे. अर्धा दिवस पुरतो.

शाकाहारी जेवणाचं, गावाची स्वतःची ओळख म्हणजे मिनोर्कन क्लॅम चावडर (तिसऱ्यांचं सूप), ते तुम्हाला चालणार नाही, पण त्यातली दातिल मिरची चालेल. स्पेनजवळच्या मिनोर्का बेटाहून १७६८ मध्ये दक्षिणेकडच्या न्यू स्मर्नाला निळीच्या मळ्यावर राबायला आणलेले लोक हाल सोसून १७७७ मध्ये इथे निघून आले, त्यांचे वंशज अजून गावात आहेत आणि ही मिरची त्यांच्या घराघरात असते. हबानेरो या जहाल मिरचीइतकी तिखट, पण मागून गोडसर चव. सॉसची एक बाटली घ्या, पिठल्यात दोन थेंब घालून बघा. मोठं सामान मात्र आधी जॅक्सनविलला भरून घ्या, तिथे इंडियन ग्रोसरी मिळते, डाळी-पोहे-पीठ तिथेच, कारण बहामाजमध्ये सगळंच महाग पडतं.

आणि चिडचिड. मला वाटतं ती एकमेकांवरची कमी आणि झोपेची जास्त आहे. वॉटरवेवर रोज पहाटे उठायचं, दिवसभर मार्कर मोजायचे, रात्री नांगर धरलाय ना म्हणून दोनदा उठून बघायचं, यात कोणाचंही डोकं फिरेल. मूरिंगवर आलात की पहिली रात्र अलार्म न लावता झोपा. मग एक अख्खा दिवस दोघांनी वेगवेगळा घालवा, अगदी ठरवून, तू डिंघीने गावात जा, तो बोटीवर इंजिनशी खेळू दे, आणि दुसऱ्या दिवशी उलटं, बोट तुझी आणि गाव त्याचं. डिंघी एकच असते म्हणून परत न्यायची वेळ नक्की ठरवून घ्या, नाहीतर त्यावरूनच भांडण होईल. बोट लावताना ओरडाआरडी होत असेल तर हाताच्या खुणा ठरवा किंवा कानात लावायचे हेडसेट घ्या, इंजिनच्या आवाजात ओरडून सांगितलेलं सगळं रागावल्यासारखंच ऐकू येतं. आणि सुकाणू कायम तोच धरत असेल तर आतापासून तू धर, तुला बोट आपली वाटायला लागेल आणि त्याला जरा बसायला मिळेल.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सातवीत आहे, सांगलीत असतो आम्ही. त्याला किल्ल्यांचं वेड आहे. त्याने कुठेतरी वाचलं की अमेरिकेत शिंपल्यांचा किल्ला आहे आणि तोफेचे गोळे त्याच्या भिंतीत रुतून बसायचे. हे खरं आहे का? आणि असं कसं होतं?

उत्तर : अगदी खरं आहे, आणि तो किल्ला याच सेंट ऑगस्टीनचा, कास्तियो दे सान मार्कोस. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकने गाव जाळलं, १६६८ मध्ये रॉबर्ट सर्ल नावाच्या चाच्याने लुटलं, लाकडी किल्ले एकामागून एक कुजत होते, तेव्हा कुठे स्पेनने दगडी किल्ल्याला पैसे दिले. काम सुरू झालं १६७२ मध्ये, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी, मुलाला असं सांगा म्हणजे काळ पटकन डोळ्यासमोर येईल. पूर्ण झाला १६९५ मध्ये. इंजिनिअर होता इग्नासिओ दासा, हवानाहून आलेला.

दगडाचं नाव कोकिना. छोट्या छोट्या शिंपल्या हजारो वर्षं एकमेकांना चिकटून झालेला, समोरच्या अ‍ॅनास्टेशिया बेटावर जमिनीखाली सापडणारा. खणून काढताना ओला आणि मऊ असतो, तेव्हाच कापून घ्यायचा, मग बराच काळ हवेत वाळत ठेवला की कडक होतो. चुना कालवांचे शिंपले भाजून केला. या दगडाच्या आत बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे गोळा बसला तर ग्रॅनाईटसारखा तडकून फुटत नाही, जिथे मार बसतो तिथलाच भाग आत चुरत जातो आणि तडा पुढे पळत नाही. अलीकडे प्रयोगशाळेत या दगडावर बारीक स्टीलच्या गोळ्या मारून हेच बघितलं गेलं. १७४० मध्ये इंग्रजांच्या जनरल ऑगलथॉर्पने अ‍ॅनास्टेशिया बेटावरून २७ दिवस तोफा डागल्या आणि भिंती उभ्याच राहिल्या. हा किल्ला लढून कोणीच घेतला नाही, हात बदलले ते तहातून, १७६३ मध्ये इंग्रजांकडे, नंतर १७८३ च्या तहाने परत स्पेनकडे, १८२१ मध्ये अमेरिकेकडे.

मुलाला आणखी एक सांगा, खंदक पाण्याने भरलेला नसायचा, कोरडा असायचा, आणि वेढ्याच्या वेळी गाई-गुरं तिथे बांधायचे. आणि किल्ला नंतर तुरुंगही झाला. १८३७ मध्ये सेमिनोल लोकांचा नेता ओसिओला इथे कैदेत होता, आणि १८७५ ते १८७८ मध्ये शायान, कायोवा अशा जमातींच्या माणसांना घरादारापासून दूर आणून इथे ठेवलं होतं, त्यांनी हिशेबाच्या वह्यांच्या कागदांवर काढलेली चित्रं आज म्युझियममध्ये जपलेली आहेत. किल्ल्याचं वेड असलेल्या मुलाने हेही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरी ओलांडलेले, मुलाकडे ऑर्लँडोला येतोय. बोट-बिट आमच्याकडे नाही, पण ते गाव पाण्यातून बघायची इच्छा आहे. जमेल का? गुडघ्यांचा त्रास आहे.

उत्तर : जमेल काका. ऑर्लँडोहून गाडीने दोन तासांच्या आत पोचता. मरिनातूनच बंदरात फिरवणाऱ्या बोटी सुटतात, मोटरबोटीही आहेत आणि शिडाच्याही, गुडघ्यांसाठी मोटरबोट घ्या, चढायला सोपी. सकाळची फेरी बरी, दुपारी वारा वाढतो. गावाच्या दक्षिणेला फोर्ट मातान्सास म्हणून १७४२ मध्ये पूर्ण झालेला छोटा किल्ला आहे, मागच्या दाराने कोणी येऊ नये म्हणून बांधलेला, तिथे नॅशनल पार्क सर्व्हिसची बोट नेते आणि त्याला पैसे पडत नाहीत, पण हवा आणि पाणी बघून फेऱ्या रद्द होतात, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा. लाईटहाऊसच्या पायऱ्या तुम्ही सोडून द्या, खालचं म्युझियम बघा. मोठ्या किल्ल्याच्या तटावर जायलाही जिना आहे, पण खालचं आवार सपाट आहे आणि बाहेर समुद्राच्या कडेची भिंत आहे तिथे बसायला मिळतं. पूल उघडताना बघायचा असेल तर तासाच्या पाच मिनिटं आधी तिथे जाऊन बसा, डोलकाठ्यांची रांग उभीच असते.